दोन मेगापिक्सलचे निकमकाका

निकमकाका फोटो काढायला लागले की आपण मागे सरकायचं नाही. आपण एक पाऊल मागे गेलो की ते दोन पावलं पुढे येतात, आणि मग भिंत लागते. पाठ भिंतीला टेकलेली, वीतभर अंतरावर त्यांचा कॅमेरा, कॅमेऱ्यामागून लवंगेचा वास आणि "हसू नका, जसे आहात तसे राहा" अशी आज्ञा. अशा अवस्थेत माणसाने जसं असतो तसं राहायचं कसं, हे त्यांना विचारायची सोय नाही.

कॅमेऱ्याला झूम आहे. पण त्या बटणावर काकांनी जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावून ठेवली आहे. का, म्हणून विचारलं की ते स्वतःच्या गुडघ्यांवर थापट्या मारतात. "हे काय शोभेला दिलेत देवाने? मोठं दिसायला हवं ना, मग जा ना चालत."

कॅमेरा दोन मेगापिक्सलचा. विकत घेतला तेव्हा तो नवलाईचा होता. आता आमच्या कामवालीच्या मोबाइलमध्ये त्याहून जास्त आहेत. तरी कुणी नवा घ्या म्हटलं की काकांचं उत्तर ठरलेलं: "तुमचे बारा, आमचे दोन. चेहरे किती? एकच. मग दोन पुष्कळ झाले."

या जवळ जाण्याच्या वेडापायी त्यांनी भल्याभल्यांना छळलं आहे. इथे ग्वाल्हेरला माझ्या भाचीच्या लग्नात अंतरपाट दूर झाला आणि नवऱ्या मुलाला समोर दिसलं ते निकमकाकांचं टक्कल. हार त्यांच्याच गळ्यात पडायचा, थोडक्यात चुकला. गुरुजी वैतागून म्हणाले, "निकमसाहेब, दूल्हा आप हैं क्या?" काका जागचे हलले नाहीत. अक्षता झेलत त्यांनी भाचीचा एक फोटो काढला, त्यात ती घाबरलेली पण आहे आणि खूश पण. अल्बममध्ये पुढे दोनशे फोटो आहेत, ते कुणी उघडून बघत नाही.

एकदा सगळे मिळून किल्ल्यावर गेलो. लोक मानमंदिर महालाचा अख्खा दर्शनी भाग कॅमेऱ्यात मावावा म्हणून मागे मागे जात होते. काका मात्र भिंतीला नाक लावून उभे. निळ्या फरश्यांत पिवळ्या बदकांची रांग आहे ना, त्यातल्या एकाच बदकाचा फोटो काढून ते परत आले. म्हणाले, "किल्ला सगळेच काढतात. या बिचाऱ्याला कोण विचारतं?"

आता मुद्द्यावर येते. मी शैला, आमच्या गणेश मंडळाची चिटणीस. झाले, कारण दुसरं कुणी होईना. ग्वाल्हेरच्या ज्या भागात आम्ही मराठी लोक राहतो त्याला लष्कर म्हणतात, आणि या लष्करात आमची मंडळं दोन. एक नया बाजारातलं, आमचं. आमचे पूर्वज दरबारात लेखणी घासायला आले. दुसरं खासगी बाजारातलं, निकमकाकांचं. त्यांचे पूर्वज घोड्यावरून आले, आणि हे ते अजून ऐकवतात. दोन्हीकडची मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला गेली. शेवटी आरतीला टाळ वाजवायला माणसं पुरेनात, तेव्हा ठरलं की दोन्ही मंडळं एक करायची.

खरं तर आम्हाला याची सवय असायला हवी होती. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, तोही मध्यप्रदेशात गेला, राजधानी भोपाळने नेली, मग मध्यप्रदेशाचाच तुकडा पडून छत्तीसगढ झाला. एवढं सगळं आम्ही मुकाट सोसलं. पण आरती आधी कुठली म्हणायची यावरून आमच्या चार बैठका मोडल्या. मूर्ती त्यांची, मखर आमचं, प्रसाद एक दिवस यांचा, एक दिवस त्यांचा. सगळं मिटलं आणि गाडी अडली ती फोटोवाल्यापाशी.

कारण त्यांचे फोटो निकमकाका काढत, आणि आमच्याकडे अतुल होता. अतुल माझ्या चुलत दिराचा मुलगा, इंजिनियर, दिल्लीहून बारा मेगापिक्सलचा कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स घेऊन आलेला. एका मंडळाला दोन फोटोवाले कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ते बरोबरच होतं. पण फोटो गेले तर काकांकडे काय राहणार होतं? बायको गेलेली, मूलबाळ नाही. मंडळाचा फोटोवाला या एका नात्याने ते आमच्या सगळ्यांच्या घरात शिरत. ते गेलं की कुणाच्या दाराची कडी वाजवायला त्यांना कारण उरणार नव्हतं. हे मला दिसत होतं, आणि त्यांनाही दिसत असणार.

पण ते गयावया करणाऱ्यांतले नव्हेत. बैठकीला येताना त्यांनी गणपतीचे दोन फोटो आणले, पोस्टकार्डाएवढे. एक अतुलच्या कॅमेऱ्याचा, एक स्वतःच्या. टेबलावर टाकले आणि म्हणाले, "ओळखा, बारावाला कोणता." सगळ्यांनी चष्मे लावले. एकमताने डावा ठरला. मी तर छातीठोकपणे सांगितलं की दूर्वांची पाती न् पाती दिसतेय. डावा काकांचा निघाला.

अतुल म्हणाला, "काका, एवढ्या लहान साइझमध्ये फरक दिसतच नाही. वो तो सबको मालूम है."

"सबको मालूम है तो बारा घेतले कशाला?"

"मोठा करून बघा ना."

मोठा पण केला. चांगला दहा फुटी फ्लेक्स, काकांच्या फोटोवरून, खासगी बाजाराच्या तोंडाशी लावला. अतुलने आम्हाला अगदी जवळ नेऊन दाखवलं की बघा, सोंडेवर चौकोन चौकोन दिसतात. काका रस्त्याच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "फ्लेक्सला नाक लावून दर्शन घेणारा एक माणूस दाखव मला. लोक इथून बघतात." मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता, त्याला त्यांनी बाजूने जा म्हणून हात केला. मला कबूल करायला हवं की तिथून बाप्पा झकास दिसत होता.

मला वाटलं, जिंकले काका. तेवढ्यात अतुलने साधाच प्रश्न विचारला. "ठीक आहे. पण ग्रुप फोटोत सत्तर माणसं असतील, आणि उद्या त्यातला एकच चेहरा मोठा करायला लागला तर? दोन मेगापिक्सलमध्ये एकाच्या वाट्याला काय येणार?"

काकांनी कॅमेरा पिशवीत घातला. ते एवढंच म्हणाले, "मग एकेकाचा वेगळा काढा. मी काढतो." समितीला हसू आलं. ठरलं की नव्या मंडळाचा फोटोवाला अतुल.

समितीचं ऐकतील तर ते निकम कसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरोघर जायला सुरुवात केली. कुणी बोलावलेलं नाही, सण नाही, समारंभ नाही. कॅमेरा घेऊन यायचे, खिडकीपाशी बसवायचे, वीतभर अंतरावरून फोटो काढायचे आणि निघून जायचे. सुरुवात केली वयाने सगळ्यांत मोठे होते त्यांच्यापासून. आणि झालं असं की त्यातले दोघे महिन्याभरात गेले. एक नव्वदीचे होते, दुसऱ्यांना दोन अटॅक आधीच येऊन गेलेले. पण एवढा हिशेब करतो कोण? बाजारात बोललं जाऊ लागलं की निकमांनी फोटो काढला की समजावं. गोडबोले आजी दार न उघडताच आतून ओरडल्या, "मी गावाला गेलेय म्हणून सांगा."

आमच्याकडेही आले. माझे सासरे आप्पा, अठ्ठ्याऐंशीचे, पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न करता मला म्हणाले, "माझा नंबर लागला वाटतं. त्याला सांग, अजून आतलं पान वाचायचं राहिलंय." काका दारातूनच परत गेले.

तक्रारी सगळ्या माझ्याकडे. मीही तापट आहे, लपवत नाही. एका दुपारी तडक काकांच्या घरी गेले. ठरवूनच गेले होते की आज चांगलं खडसवायचं. ते चहा टाकत होते. बसा म्हणाले. बसले, आणि समोरच्या भिंतीवर नजर गेली.

हार घातलेला फोटो होता. गोरीपान बाई, जांभळा रेशमी शालू, गालांवर लाली, दात मोत्यासारखे. सुशीलाकाकूंना मी चांगली ओळखत होते. त्या सावळ्या होत्या, कपाळावर हिरवं गोंदण होतं, पुढचा एक दात किंचित बाहेर. आणि असला जांभळा रंग त्यांनी जन्मात अंगाला लावला नसता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "या कोण?"

"तीच आहे म्हणतात," काका म्हणाले.

मग चहा उकळत राहिला आणि ते सांगत राहिले. राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा सरकारी नोकरांचीही वाटणी झाली. काकांच्या नावापुढे छत्तीसगढ आलं, बिलासपूर. काकू घर सांभाळायला इथेच राहिल्या. निघायच्या दिवशी अख्खी गल्ली देवळाच्या पायऱ्यांवर जमली. काकांनी हा कॅमेरा नुकताच घेतला होता. सगळे मावायला हवेत म्हणून ते सडक ओलांडून पलीकडे गेले आणि तिथून फोटो काढला. काकू शेवटच्या ओळीत उभ्या होत्या, दोन डोक्यांच्या मधून दिसत होत्या.

"पुढे ये म्हटलं असतं तर आली असती," काका म्हणाले. "पण सगळ्यांदेखत बायकोला काय पुढे बोलवायचं? राहिलं."

दुसऱ्या वर्षी काकूंना ताप आला. काका बिलासपूरहून पोचले तोवर सगळं आटपलं होतं. घरात त्यांचा लग्नातला एक फोटो, वाळवीने खाल्लेला, आणि हा पायऱ्यांवरचा. सराफ्यातल्या एका स्टुडिओत तो मोठा करायला दिला. तेवढ्याशा चेहऱ्यात नाक कुठे आणि डोळे कुठे, काही उरलं नव्हतं. स्टुडिओवाला म्हणाला, चिंता नको, कॉम्प्युटर पे सब हो जाता है. त्याने रंग भरला, शालू नेसवला, गोंदण पुसलं.

"दात पण सरळ केला हो," काका म्हणाले. "मी सांगितलं होतं का त्याला? रोज हार घालतो, उदबत्ती लावतो. पण बोलवत नाही. परक्या बाईशी काय बोलणार?"

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काका, तेव्हा जास्त मेगापिक्सलचा असता तर..."

काका उसळले. "काय झालं असतं? दात दिसला असता, एवढंच ना? बारा घ्या, चाळीस घ्या. शैलाताई, मी सडकेच्या पलीकडे उभा होतो." मग त्यांनी चहा गाळला आणि साखर घालायला विसरले. मी तसाच प्यायले.

मला रडू आलं की राग येतो. पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सांगितलं की ग्रुप फोटो अतुल काढेल, आणि प्रत्येकाचा एकेकट्याचा फोटो निकमकाका काढतील, घरी जाऊन, त्यांच्याच कॅमेऱ्याने. कुणीतरी मागून पुटपुटलं, "लेकिन लोग तो मर रहे हैं." मी म्हटलं, "लोक फोटोने मरत नाहीत. मरतात, म्हणून फोटो काढून ठेवायचा. घरच्यांना भिंतीवर आपलं माणूस दिसायला हवं, भलतंच कुणी नको. ज्याला हरकत असेल त्याने इथे समोर येऊन बोलावं." समोर कुणी आलं नाही. पण फोटोलाही कुणी आपणहून तयार झालं नाही.

घरी येऊन मी आप्पांना सगळं सांगितलं. रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली, काळी टोपी झटकून घातली आणि ओसरीवर खुर्ची टाकायला लावली. म्हणाले, "निकमला बोलाव."

काका आले, पण पायरीखालीच थांबले. कॅमेरा पिशवीतून काढला नव्हता. "राहू द्या आप्पा," ते म्हणाले. "उद्या काही झालं तर लोक म्हणतील. सूनबाईंना ऐकून घ्यावं लागेल."

"तिला ऐकवणारा अजून जन्मायचाय," आप्पा म्हणाले. "तू तिथून काय काढणार आहेस? वर ये. अजून ये. अरे, ये ना असा जवळ."

काका चढून आले. नेहमीच्या वीतभर अंतरावर येऊन थांबले, तर आप्पांनी त्यांचं कोपर धरून आणखी ओढलं. इतकी वर्षं हा माणूस आमच्या लग्नामुंजीत घुसत आला होता, पण कुणी त्यांना जवळ ये म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. खाली घेतला. शर्टाच्या टोकाने काच पुसली, पुन्हा लावला, पुन्हा खाली घेतला.

"सेल गेले वाटतं," ते म्हणाले.

सेल गेले नव्हते. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा मला दारातून दिसत होता. आप्पांनाही दिसत असणार, कारण त्यांनी काकांचं कोपर सोडलं नाही.

"बस मग जरा," आप्पा म्हणाले. "मला कुठे घाई आहे?"

काका तिथेच, आप्पांच्या खुर्चीला टेकून, जमिनीवर बसले. मी चहा ठेवायला आत गेले.