पाना घरी ठेवायचा होता

निघताना बायको म्हणाली होती, "पाना घरी ठेवा." मी ठेवला नाही. बायकोचं ऐकायचं नाही हा माझा जुना नियम, आणि नियम बदलायचं माझं वय राहिलेलं नाही.

बेचाळीस वर्षं माझं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. शाळा चौथीत सुटली, पण माझ्या हातची एकही सायकल तक्रार घेऊन परत आलेली नाही. (हे वाक्य पुढं माझ्याच टाळक्यात बसणार आहे.) चालवण्याचं म्हणाल, तर न्हाव्याला कुठं स्वतःचे केस कापता येतात? ट्रायलला मी गल्लीच्या टोकापर्यंत जातो, उतरतो, सायकल हातानं वळवतो आणि पुन्हा बसतो. बेचाळीस वर्षं तेवढं पुरलं.

मुलाला दुकान बंद करायचंय. "बाबा, हात थरथरतात तुमचे. घरी बसा आता." घरी बसून काय करू? भिंतीकडे बघू? दोन दिवसांत भिंतच उठून जाईल.

तर सुट्टीत त्यानं आम्हा दोघांना एका बेटावर नेलं. तिथं मोटारी नाहीत, सायकली भाड्यानं मिळतात. अकरा किलोमीटरचा रस्ता किनाऱ्यानं बेटाला वळसा घालून परत धक्क्यावरच येतो. (परत तिथंच यायचं, तर निघायचं कशाला? पण लोक रांग लावतात.)

धक्क्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, चारच्या बोटीच्या आत एक फेरी मारून दाखवा. मारलीत, तर पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात."

"कबूल!" मी म्हणालो. किल्ल्यांचा जुडगा माझ्या कंबरेच्या पट्ट्याला होता. कुठंही गेलो तरी तो मी घरी ठेवत नाही. घरात मुलगा असतो.

सायकलवाला मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाला, "आजोबा, तीनचाकी देऊ का? पडायची भीती नाही."

"तुझी अक्कल दे भाड्यानं," मी म्हणालो. "फारशी वापरलेली दिसत नाही."

बायकोला म्हटलं, "तू बस इथंच बाकावर. तुला कुठं येते सायकल!" ती बाकावर जाऊन बसली. तिचं गप्प बसणं मला कधीच वाचता आलं नाही. म्हटलं ना, चौथी.

पहिले चार किलोमीटर झकास गेले. म्हणजे गुडघे बोंबलत होते, पण ते घरीही बोंबलतात. मग आवाज यायला लागला. कट. पायडल फिरलं की कट. पुन्हा फिरलं की पुन्हा कट. दुसरा कुणी असता तर गाणं म्हणत पुढं गेला असता. माझ्या कानाला ते सोसेना. पायडलचे छर्रे गेलेत, दुसरं काय! सायकलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी उतरलो, सायकल उलटी केली आणि खिशातून पाना काढला.

दुकानात छर्रे ठेवायला ताटली असते. इथं रुमाल पसरला. मुगाएवढे छर्रे एकेक करून त्यावर काढले. सगळे शाबूत! नव्यासारखे! डोळ्याजवळ धरून बघतोय, तेवढ्यात वारा आला आणि रुमाल छर्‍यांसकट वाळूत गेला.

तासभर मी रांगत वाळू चाळली. जाणारी-येणारी पोरं "आजोबा, किल्ला करताय का?" म्हणून विचारत होती. हाती आले पाच छर्रे आणि एक शिंपला.

मागून घंटी वाजली. वळून बघतो तर बायको! सायकलवर! एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली.

"तुला... तुला सायकल येते?"

"बेचाळीस वर्षं येते. दुपारी तुम्ही झोपलात की दुरुस्त केलेल्या सायकली कोण फिरवून बघायचं? कुठं ब्रेक सैल, कुठं नट विसरलेला. गिऱ्हाईक यायच्या आत मी आवळून ठेवायचे."

"रोज?"

"तुम्ही रोजच झोपायचात."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"गल्लीभर माहीत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचे सगळे." तिनं उघडं पायडल बघितलं. "चांगली सायकल खोललीत कशाला?"

"आवाज येत होता. कट-कट."

मी कंबर धरून उठलो. कट. एक पाऊल टाकलं. कट. सायकल रस्त्यावर उलटी पडलेली आणि आवाज माझ्याकडून! बायकोनं माझ्या कंबरेकडे बघितलं. पट्ट्यावरून सरकत पुढं आलेला किल्ल्यांचा जुडगा बकलावर आपटत होता.

ती हसली असती तरी चाललं असतं. तिनं नुसता हात पुढं केला. "द्या इकडे. फेरी मी पुरी करते. तुम्ही ही ढकलत मागं या."

मी किल्ल्या दिल्या. ती गेली. कसलाही आवाज न करता गेली.

मी धक्क्यावर पोचलो तेव्हा बोटीचा दोर सोडत होते. मला पोत्यासारखं आत ओढलं. बायको केव्हाच फेरी पुरी करून खिडकीशी बसलेली, मांडीवर किल्ल्या.

मुलगा म्हणाला, "आई, पैज बाबांशी होती. ते हरले. किल्ल्या दे."

"ते हरले, दुकान कुठं हरलंय?" ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं निम्मं मीच चालवलंय. आता सगळं चालवीन." पोरानं पुढं केलेला हात मागं घेतला. माझ्यापुढं कधी घेतला नव्हता.

तर दुकान चालू आहे. ती दुरुस्ती करते, मी हवा भरतो. दुपारी ती झोपते आणि मी तिनं केलेली सायकल ट्रायलला काढतो. काहीतरी चूक सापडेलच म्हणून रोज कान देऊन ऐकतो. अजून सापडली नाही. गल्लीच्या टोकाला जातो, उतरतो, सायकल हातानं वळवतो, आणि मला वाईट वाटू नये म्हणून सगळी गल्ली दुसरीकडे बघते.