चालू स्थितीतलं जोडपं

घेणाऱ्याने नेहमी देणाऱ्याच्या सोयीने गरजू असावे.

ट्रेडमिल, एक. पट्टा फिरतो, पण उलट्या दिशेने.

"सोफा भिजला की कुजतो हो. माणूस वाळतो."

पाटी रंगवताना शेवटचं अक्षर आधी बसवून बघावं. नाहीतर 'कृपया' ऐसपैस पसरतं आणि 'आत या' कोपऱ्यात चिरडतं.

बूट, पोतंभर. सगळे डाव्या पायाचे.

माशांची काचपेटी, तडकलेली. मासा नाही, त्यामुळे मासा मेल्याची तक्रारही नाही.

कडी आतून लागते.

हे सगळं एकाच इमारतीबद्दल आहे. पूर्वी ते गोदाम होतं. गोदाम बंद पडलं तेव्हा शहरातल्या भल्या माणसांनी भिंतींना चुना लावला, खाटा मांडल्या आणि गोदामाला सांगितलं, आजपासून तू बेघरांचा निवारा. इमारती माणसांसारख्या नसतात. सांगितलेलं त्यांना लगेच पटत नाही.

डावीकडे पुरुषांचा हॉल, उजवीकडे बायकांचा, मधे अंगण, अंगणात नळ. आणि अगदी टोकाला कुटुंबासाठी एक खोली, जिच्या दाराला आतून कडी होती. सबंध निवाऱ्यात आतून लागणारी ती एकच कडी. (बाकी सगळी दारं बाहेरून लागत. सुरक्षिततेसाठी. कुणाच्या, हे नियमात लिहिलेलं नाही.)

पेंटर पुरुषांच्या हॉलमध्ये राहायचा. तो चित्रं काढणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे थुंकू नये'च्या. मग छापील फलक आले, आणि पेंटरचं अक्षर मोत्यासारखं आहे हे सर्वांनी एकमताने मान्य करून त्याला काम देणं थांबवलं. भाड्याची खोली गेली. तो आणि त्याची बायको काही काळ भाच्याच्या घरी राहिले, मग तिथूनही निघाले. (कारण घरगुती होतं.) निवाऱ्यात आल्यावर नियमाप्रमाणे तो डावीकडे गेला, ती उजवीकडे. अर्धाअधिक संसार उलटल्यावर नवराबायको पुन्हा चोरून नळावर भेटू लागली.

"झोप लागते का गं?"

"न लागायला काय झालं? शेजारी घोरणारं कुणी नाही."

"मग बरंय."

"बरं कसलं! घोरणं थांबलं की दचकून जाग येते. म्हटलं, गेला की काय माणूस."

आतून कडी असलेल्या त्या खोलीत तेव्हा एक ड्रायव्हर, त्याची बायको आणि दोन मुली राहत होत्या. ते गेले की खोली पेंटरच्या जोडीला मिळायची होती. व्यवस्थापकाने तसा शब्द दिला होता. थंडीत पेंटरच्या बायकोचा उजवा गुडघा धरायचा, आणि रात्री तो चोळायला हक्काचं माणूस अंगणापलीकडे घोरत पडलेलं असायचं. तेव्हा त्या खोलीत खाट कुठल्या भिंतीला लावायची हेही तिने ठरवून ठेवलं होतं. एके दिवशी ड्रायव्हरला दुसरीकडे जागा मिळाली. पेंटरच्या बायकोने खोली झाडली, पुसली, आणि फरशी वाळायच्या आत दारात टेम्पो उभा राहिला. टेम्पोत सोफा होता.

सोफा एका दाताच्या डॉक्टरांचा होता. दवाखान्यात नवा आला, म्हणून जुना निवाऱ्याला. "तोवर खोलीत ठेवू," व्यवस्थापक म्हणाला. 'तोवर' म्हणजे कुठवर, हे विचारायचं भान कुणाला राहिलं नाही. व्यवस्थापक सज्जन माणूस होता, म्हणजे त्याला 'नाही' म्हणता येत नसे.

सोफ्याला एकटं वाटू नये म्हणून असेल, पाठोपाठ टीपॉय आला. मग कपाटं, ट्रेडमिल, तीन चाकांची बाबागाडी (मुळात चार चाकांची), कुणाच्या तरी लग्नातला कोट, कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नातला डबलबेड. आणणारा प्रत्येक जण गाडीतून उतरताना एकच वाक्य म्हणायचा: "कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

हा 'कुणीतरी' निवाऱ्याचा सर्वांत मोठा लाभार्थी. तो अजून आलेला नाही. त्याचे दोन्ही पाय डावे असावेत, त्याला मागच्या मागे पळायची हौस असावी आणि मासे न पाळण्याचा छंद असावा, एवढं त्याच्यासाठी आलेल्या सामानावरून सांगता येतं.

व्यवस्थापकाने आधी या वस्तू तिथल्या लोकांना वाटून पाहिल्या.

"हे कपाट घेऊन जा की," तो एका म्हाताऱ्या हमालाला म्हणाला.

"नेतो ना साहेब," हमाल पाठ वाकवून म्हणाला. "कुठे नेऊ?"

संस्थेने मग रीतसर पाहणी केली. निवाऱ्यातल्या शंभर टक्के लोकांना कपाटाची गरज नव्हती, कारण कपाट ठेवायला त्यांच्याकडे घर नव्हतं. शंभर टक्के दात्यांना मात्र ते देण्याची गरज होती, कारण त्यांच्या घरात नवं आलं होतं. दोन्ही शंभर समोरासमोर ठेवल्यावर दात्यांचे शंभर मोठे भरले.

यातून संस्थेची ती प्रसिद्ध त्रिसूत्री जन्माला आली. आलेली वस्तू नाकारू नये. उघड्यावर ठेवू नये. दात्याच्या नजरेआड करू नये. शेवटचं सूत्र आवश्यक होतं, कारण दाते रविवारी आपापल्या वस्तूंना भेटायला येत. दाताचे डॉक्टर सोफ्याच्या हातावरून बोट फिरवून बघत. एक बाई आपल्या ड्रेसिंग टेबलाच्या आरशात स्वतःला पाहून डोळे पुसून जात. निवाऱ्यातल्या माणसांना भेटायला इतकं कुणी कधी आलं नव्हतं, त्यामुळे वातावरणात एकूण जिवंतपणा आला.

वस्तू कुणाची हे कळावं म्हणून तिच्यावर देणाऱ्याचं नाव हवं. ते काम साहजिकच पेंटरकडे आलं. कितीतरी दिवसांनी हातात ब्रश आला. त्याने कपाटांवर, टीपॉयच्या पायांवर, बाबागाडीच्या छत्रीवर 'सप्रेम भेट' असं लिहिलं, खाली दात्याचं नाव. 'भे'ची मात्रा तो अशी काही ओढायचा की ट्रेडमिलसुद्धा मानाची वाटे. आपण आपल्याच खोलीला आपल्याच हाताने कुलूप रंगवतोय, हे त्याला कळत होतं. पण अक्षर वाईट काढायचं म्हटलं तरी हाताला जमत नव्हतं.

"काय सुंदर काढलंय हो," बायको नळावर म्हणाली. "चढून बसा आता त्याच्यावर, आणि मलाही घ्या."

खोली भरली तेव्हा सामान पुरुषांच्या हॉलमध्ये आलं. तिथे आधीपासून माणसं होती, ही एक अडचण निघाली. समितीच्या अध्यक्षबाईंनी ती बैठकीत सोडवली. माणूस स्वतःच्या पायांनी हलू शकतो, कपाटाला चार हमाल लागतात. ओल लागली तर लाकूड फुगतं. माणूस फुगल्याचं निदान या संस्थेत तरी कुणी पाहिलेलं नाही. सबब पुरुषांनी तात्पुरतं पडवीत झोपावं. तिथे ताडपत्री लावण्यात येईल. (ताडपत्रीही दानातूनच आली. तिच्यावरही नाव आहे. वारा सुटला की ते फडफडतं आणि दूरवरून वाचता येतं.)

थंडी पडू लागली. पुढच्या बैठकीत बायकांच्या हॉलचा विषय होता.

त्या रविवारी अंगणात एक गाडी थांबली. टपावर दोरीने बांधलेलं लोखंडी कपाट, आत उशा आणि मिक्सरचं भांडं. गाडीतून पेंटरचा भाचा उतरला.

"अरे मामा! तुम्ही इथे?" तो मनापासून खूश झाला. "बरं झालं बुवा. ओळखीचं कुणी असलं की सामानावर लक्ष राहतं."

"बस, चहा घेतोस?" पेंटरच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग चहा नाही हे आठवून तो कपाटाची दोरी सोडू लागला.

"मामी, बरी आहेस ना? गुडघा काय म्हणतो?"

"तुझी आठवण काढतो," मामी म्हणाली. तिने गाडीत डोकावून पाहिलं. "बरंच आणलंयस की रे. आणि या सामानासाठी साहेबांनी खोलीत जागाही केलीय म्हणे."

"कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हटलं."

"मग आम्हालाही देऊन टाक."

भाचा हसला. व्यवस्थापक हसला नाही, कारण मामी हसत नव्हती.

"साहेब," ती वळून म्हणाली, "दिलेलं नाकारायचं नाही, उघड्यावर ठेवायचं नाही. नियम तुमचाच ना?"

"अहो पण काकू, तुम्ही तर आधीपासूनच इथे आहात."

"आम्ही आपणहून आलो होतो. चुकलंच ते. आलेल्याला पडवी आणि दिलेल्याला खोली, हे आधी कुठे माहीत होतं? आता हा देतोय. आमचा सख्खा भाचा आहे, घरातलीच वस्तू देतोय, चोरीचा माल नाही."

"मामी, काहीतरीच काय!" भाचा म्हणाला.

"का रे? कपाटापेक्षा जड आहोत?"

पेंटर दोरीची गाठ धरून उभा होता. त्याला तिचा राग आला, मग लाज वाटली, मग त्याने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. स्वतः तो पडवीत उभा हिवाळा काढू शकला असता. "दे रे बाबा," तो खाली बघत म्हणाला. "आमची ना नाही."

व्यवस्थापकाने त्रिसूत्री पुन्हा वाचली. 'वस्तू' या शब्दाची व्याख्या तिच्यात नव्हती. त्याने अध्यक्षबाईंना फोन लावला. अध्यक्षबाईंनी एकच प्रश्न विचारला: दाता नाराज होणार नाही ना? दात्याच्या चेहऱ्यावर तोवर हळूहळू समाधान पसरू लागलं होतं. इतकं मोठं दान त्याच्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

रीतसर तपासणी झाली. जोडपं, एक. वापरलेलं, पण सांभाळून. चालू स्थितीत. स्त्रीचा गुडघा वाजतो. पुरुषाचं अक्षर चांगलं. जोडी फोडू नये, सेट आहे. मग भाच्याला मधे उभं करून फोटो काढला आणि चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोखंडी कपाट या गडबडीत पडवीतच राहिलं. पण दात्याचं एक दान आत गेल्यावर दुसऱ्याबद्दल तो फारसा आग्रही राहिला नाही.

खोलीच्या दारावर पाटी हवी होती. पेंटरने ती स्वतः रंगवली. 'सप्रेम भेट', खाली भाच्याचं नाव. शेवटचं अक्षर आधी बसवून पाहिलं होतं, त्यामुळे कुठे दाटी झाली नाही.

"आणि आपलं नाव?" बायकोने विचारलं.

"वस्तूचं नाव लिहीत नाहीत गं. देणाऱ्याचं लिहितात."

"असू दे. कडी लावा."

त्याने लावली. तिने ती काढायला लावली आणि पुन्हा लावायला लावली. मग डॉक्टरांच्या सोफ्यावर पाय लांब करून ती म्हणाली, "आता घोरा पाहू."

प्रयोग यशस्वी झाला. रविवारी दार उघडं ठेवायचं एवढी एकच अट होती. लोक येत, सोफा बघत, टीपॉय बघत, जोडपं बघत. "रोजच्या वापरात आहे का?" असं एका गृहस्थांनी विचारलं. "नाही, आम्ही आपले शोभेचे," पेंटरची बायको म्हणाली. भाचाही आठवड्याआड येई. तिचा गुडघा आपल्या देखत एकदा वाजवून घेई आणि दान टिकलंय याची खात्री करून जाई. भाच्याच्या घरी असताना तो या दोघांशी इतकं बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

बातमी पसरली. आधी एकाने सासऱ्यांना आणलं, उशीसकट. मग दोघी बहिणींनी मिळून एक आत्या दिली. दोघींचं नाव पाटीवर यावं, असा हट्ट होता. एका गाडीतून वडील उतरले, त्यांच्या हातात त्यांचाच रेडिओ होता. प्रत्येकासाठी जागा करावी लागली, तेव्हा आधी डबलबेड पडवीत हलला, मग ट्रेडमिल, मग ड्रेसिंग टेबल, आणि तिथे झोपणारी माणसं ताडपत्री गुंडाळून रस्त्यावर गेली. त्यांना देणारं कुणी नव्हतं. संस्थेने त्यांच्यापुढे मार्ग खुला ठेवला आहे: त्यांनी एखादं घर शोधावं, तिथे काही वर्षं अडगळ होऊन राहावं, आणि मग रीतसर यावं.

सध्या निवारा भरलेला असल्यामुळे समितीने दात्यांना नम्र विनंती केली आहे. हे वाचताना आपल्यालाही घरातलं काहीतरी आठवलं असेल. जुनं आहे, जागा अडवतंय, फेकवत नाही, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आठवलेली गोष्ट माळ्यावर असेल, तर ती केव्हाही आणावी. आत्ता आतल्या खोलीत खोकत असेल, तर कृपया आधी फोन करून यावे.

भाच्याच्या घरी पेंटर आणि त्याची बायको मागच्या खोलीत राहायची. तेच लोखंडी कपाट ठेवायला जागा हवी म्हणून ती त्यांनी रिकामी केली होती.