मुनीरचाचांची मंडळी

आमच्या अहमदपुरात भाजीवाल्या मेथीची देठं टाकून देतात आणि आमचे शेजारी मुनीरचाचा ती पिशवी भरून घरी आणतात. एकीनं विचारलं, चाचा, बकरी पाळली का? चाचा म्हणाले, "बकरी न्हाई. मंडळी हाय."

मंडळी म्हणजे चाचांच्या आतड्यातले जिवाणू. चाचा शिंपी. दिवसभर मशीनवर बसून पोट साफ होईना, तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं : भाजीतले दोरे, म्हणजे तंतू, आपल्याला पचत नाहीत. ते खाली मोठ्या आतड्यात जातात. तिथले जिवाणू ते इडलीच्या पिठासारखे आंबवतात, त्यातून आम्लं निघतात आणि त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं. चाचांना हे लई पटलं. तेव्हापासून ते कमरेचं माप घेताना गिऱ्हाइकाला सकाळी काय खाल्लं ते विचारतात. पाव म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. पाव वरच्यावरच जिरतो, खाली मंडळी उपाशी.

मटकीच्या उसळीनंतर दुपारी दुकानात आवाज व्हायचा. चाचा लाजत नसत. मशीन थांबवून गंभीरपणे सांगत, "मंडळी कामाला लागली."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ झाला. अँटिबायोटिकचा कोर्स संपला त्या दिवशी ते आमच्या दारात आले आणि पडलेल्या चेहऱ्यानं आईला म्हणाले, "भाभी, मंडळी गेली."

चाची तेव्हा नातवाला सांभाळायला पुण्यात लेकीकडे होत्या. मंडळी म्हणजे बायको, असं समजून आईनं डोळ्याला पदर लावला. मी पुण्याला फोन लावला. उचलला खुद्द चाचींनी. कशा आहात, एवढंच मी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" चाची म्हणाल्या. मग, "त्यांचं जेवण होतंय ना बरोबर?"

होत नव्हतं. आईनं खोदून विचारल्यावर चाचांनी कबूल केलं. आजारी पडल्यापासून चहा-बिस्किटावरच चाललं होतं. आधी मंडळीच्या नावानं तरी चूल पेटायची. आता औषधानं तीही मेली, मग एकट्यासाठी कशाला शिजवायचं?

आई म्हणाली, सगळी थोडीच मरतात? उरलेल्यांना तरी जेवू घाला. तिनं ताट वाढलं. भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा. चाचा मान खाली घालून बसले. फोन चालूच होता, तो मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

पलीकडून भांड्यांचा आवाज आला.

"मीबी बसले जेवायला," चाची म्हणाल्या.

चाचांनी पहिला घास मोडला.