लाल पेन्सिलीतून सुटलेलं वाक्य

साहेब, गुन्हा तुमचा आहे. तुमचं नाव आम्हाला ठाऊक नाही, कारण तुमची सही म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण. पण लाल पेन्सिल तुमचीच होती. मुंबईत नाटकं तपासायच्या कचेरीत पंख्याखाली बसून ती तुम्ही जोतिबा शिंप्याच्या नाटकावर चालवलीत आणि एका जवानाच्या वीस दिवसांच्या रजेचं वाटोळं केलंत. काय झालं ते आधी ऐका. बोलायची पाळी शेवटी तुमच्यावरच येणार आहे.

म्हसवडच्या पलीकडं एक वाडी आहे. तिथं जत्रेचं नाटक दर साल जोतिबाच लिहितो. शाळा चौथीपर्यंत झालेली, पुढचं सगळं लिखाण मापांच्या वहीत, छाती-कंबरेच्या आकड्यांच्या खाली. त्याच्या नाटकात एक इनामदार असतो, एक जवान असतो आणि जवानाची बायको असते. पुरुष गावातले. बायको सांगलीहून आणायची. ती जत्रेच्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं येते, एक तालीम करते, सगळ्या गावासमोर संसार करते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते. आमच्याकडं ही रीतच आहे आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

गेल्या साली, म्हणजे त्र्याहत्तरात, जवानाचं काम नानासोकडं होतं. नानासो खराच जवान. लढाई संपून सव्वा वर्ष झालं तरी पलटण बर्फातच बसलेली. त्याचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यातले बायकोच्या वाट्याला आलेले दिवस हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. घर दोन खणांचं, माणसं आठ. त्यात आई धोंडुबाई. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, हा तिचा कायदा. नानासोची पत्रं आईच्या नावानं यायची, पोस्टमन ती अंगणात मोठ्यानं वाचायचा आणि शेवटी असायचं, ‘घरातील सर्वांस नमस्कार.’ त्या सर्वांमध्ये दोन शेळ्या आणि हरणाबाई. हरणाबाई म्हणजे त्याची बायको. दुष्काळाचं साल, ती दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि टँकर यायचा त्या सांजच्याला घागरी घेऊन रांगेत उभी राहायची. नवरा रजेवर आला तरी तिला त्याचं तोंड दिसायचं ते भाकरी वाढताना, तेही पदराच्या आडून.

म्हणून नानासोनं एक डोकं लढवलं. रजेवर येण्याच्या आधी चार महिने त्यानं जोतिबाला पत्र घातलं, त्यात सहा ओळी लिहिल्या आणि खाली कळवलं, की ह्या ओळी नाटकातल्या जवानाच्या तोंडी घाल. मी त्या सांगलीच्या बाईला म्हणीन. ज्या माणसानं ऐकायचं, त्याला ऐकू जाईल.

ओळी अशा होत्या: ‘पहाऱ्यावर उभा राहिलो की बोटं बधिर होतात. मग मी तुझं हात आठवतो. भाकरी थापून लाल झालेलं. ती ऊब मला रातभर पुरती. पर तू जवळ न्हाईस ह्ये पहाटं कळतं. त्या येळंला जीव लय तुटतो गं.’

साहेब, ह्या सहाही ओळींवर तुम्ही लाल रेघ मारलीत. समासात लिहिलंत, ‘कामोत्तेजक. वगळावे.’ त्याच नाटकात तिसऱ्या अंकात इनामदार त्याच बाईला केस धरून ओढत नेतो, तिच्या पदराला हात घालतो आणि दीड पान नको ते बोलतो. तिथं तुमची पेन्सिल फिरकली नाही. उलट पानाच्या कोपऱ्यात मंजुरीचा शिक्का, अगदी सरळ उमटलेला.

जोतिबा वही घेऊन पोलीस ठाण्यात गेला. भाऊसो हवालदार तसा मनानं वाईट नव्हता, पण हुकमाचा माणूस. त्यानं सांगितलं, की मंजूर वही मांडीवर घेऊन मी पहिल्या रांगेत बसणार. जवानानं एक शब्द वरचा काढला तर पडदा पाडणार आणि पुढच्या साली जत्रेला नाटक न्हाई. जोतिबाला तसं लिहून द्यावं लागलं.

“मग ऱ्हायलं काय माझ्याकडं?” नानासोनं विचारलं.

जोतिबानं वही पुढं केली. जवान लढाईवरून घरी येतो, बायको दारात उभी राहते, आणि सहा ओळींच्या जागी लाल चिखल. खाली एकच वाक्य बचावलं होतं: ‘पाणी आण.’

“त्येवढंच म्हन गड्या,” जोतिबा म्हणाला. “सायबाचं ध्यान नव्हतं तितं.”

जत्रेच्या रात्री देवाच्या पालखीचा छबिना होता म्हणून नाटक दुपारी चारला लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नानासोची परतीची एस.टी. होती. बघायला पुरुष एकीकडं, बाया एकीकडं. बायांत धोंडुबाई पुढं आणि तिच्या पाठीशी हरणाबाई, खडीच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या केसांनी. कामावरून ती तशीच आली होती. नाटकातला तांब्या धोंडुबाईच्या घरचा, पण रिकामा. टँकर तिसऱ्या दिवशी येणार, नाटकात सांडायला पाणी द्यायला ती खुळी नव्हती.

नानासो रंगमंचावर आला. सांगलीची रंगूबाई दारात उभी राहिली. वीस वर्षं तिनं गावोगावच्या जवानांचे संसार केले होते. सहा ओळी गेल्या आहेत हे तिला सकाळीच सांगितलेलं, त्यामुळं ती लगेच तांब्याकडं वळली. पण नानासो बोलेचना. तो उभा राहिला. सहा ओळींना जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्यानं मनात त्या म्हटल्या, बायांच्या बाजूला बघत. भाऊसोनं वहीत बोट ठेवलं. गप्प राहण्यावर कुठंच रेघ नव्हती.

मग नानासो हळूच म्हणाला, “पाणी आण.”

दोन शब्दांत माणूस एवढं सगळं कसं कोंबतो ते कुणाला कळलं नाही. रंगूबाईची मान आपोआप खाली गेली. बायांतून कुणीतरी नाक ओढलं. आणि मागून, बैलगाडीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हाळी दिली, “वन्स मोर.”

आमच्याकडं वन्स मोर आला की प्रवेश पहिल्यापासून करावा लागतो. नानासो विंगेत जाऊन परत आला, परत उभा राहिला, परत तेच म्हणाला. परत वन्स मोर. भाऊसोनं वही मागं-पुढं चाळली. वाक्य मंजूर होतं, शिक्का होता, आणि किती वेळा म्हणायचं याबद्दल साहेबांनी काही लिहिलं नव्हतं. चौथ्या वेळेला रंगूबाईच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. तांब्यातून मात्र नाही. नानासो तो दर वेळी तोंडाला लावायचा, उपडा करायचा आणि कोरड्या घशानं गिळायचा.

पाचव्या वेळेला धोंडुबाईचा धीर सुटला. तिला ओळींचं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की तिचं पोर अर्धा तास पाणी मागतंय आणि ती सांगलीची बया त्याला रिकामा तांब्या देतेय. ती मागं वळली आणि सुनेवर खेकसली.

“बसलीस काय टकामका बघत? पोराचा घसा सुकला. घरनं पाणी आन, दी त्येला.”

“म्या? हितं, समद्यांम्होरं?” हरणाबाई म्हणाली.

“न्हाई तर काय म्या नाटकात जाऊ?”

हरणाबाई पळत घरी गेली, पळत आली आणि भरलेला गडवा घेऊन रंगमंचावर चढली. रंगूबाईनं तिच्याकडं एकदा बघितलं, नानासोकडं एकदा बघितलं, आपला तांब्या उचलला आणि विंगेत निघून गेली. वीस वर्षांत तिनं केलेलं ते सगळ्यात मोठं काम होतं, असं जोतिबा अजून सांगतो.

नानासोनं गडवा घेतला. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. तो सगळं पाणी प्याला. हरणाबाई खाली मान घालून उभी राहिली आणि वहीत कुठंच नसलेलं बोलली.

“परत कवा येनार?”

भाऊसो हवालदारानं पानावर बोट फिरवलं. मग हळूच अख्खा पंजा पानावर ठेवला. त्याची स्वतःची बायको जतला, तो इथं पोलीस लाइनीत. रंगमंचावर नानासो त्याच्याकडंच बघत उभा होता, कारण पुढं बोललं तर पडदा पडणार होता.

“सांग की गड्या,” भाऊसो खालून म्हणाला. “ती इचारतीया न्हवं.”

“दिवाळीला,” नानासो म्हणाला.

तेवढंच. तिसरा अंक त्या दिवशी झालाच नाही, कारण इनामदाराचं काम करणारा ग्रामपंचायतीचा कारकून विंगेत रडत बसला होता, आणि रडून त्याच्या मिशा उतरल्या होत्या.

पण भाऊसो हुकमाचा माणूस. त्यानं इमानानं अहवाल लिहिला: ‘नायकाने मंजूर वाक्य पाच वेळा म्हटले. ते ऐकून स्त्रीवर्ग रडला. नायकाच्या सख्ख्या पत्नीने पाणी दिले. आक्षेपार्ह काही नाही.’ तो कागद ठाण्यातून साताऱ्याला गेला आणि साताऱ्याहून तुमच्या टेबलावर आला.

यंदा जोतिबानं तेच नाटक परत धाडलं, सहा ओळींसकट. काल वही आली. सहा ओळी गेल्यात. इनामदाराचं दीड पान जसंच्या तसं, शिक्क्यासह. आणि ‘पाणी आण’ यावर लाल रेघ, तीही दोनदा. समासात तेच, ‘कामोत्तेजक.’

साहेब, जत्रा पंधरा दिवसांवर आली आहे. नानासो रजेवर निघाला आहे. गेली दिवाळी त्याला मिळाली नाही, म्हणजे आता पुरतं वर्ष झालं. हरणाबाई यंदा डोकं धुऊन पुढच्या रांगेत बसणार आहे आणि धोंडुबाईनं पाण्याची अख्खी घागर नाटकाला कबूल केली आहे. बायकोसमोर उभा राहून ह्या माणसानं काय म्हणावं, ते तुमच्या हातानं लिहून, शिक्का मारून पाठवा. आम्ही तेवढंच म्हणू. पण आधी एक सांगा: बाईचे केस धरून ओढणारा तुम्हाला चालतो, आणि तिच्याकडं पाणी मागणारा का चालत नाही?

उलट टपाली उत्तर द्या. आणि सही वाचता येईल अशी करा.