तोतारामसाहेब आपल्याकडे सारखे यायचे

१९९० साली हॉटेलाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती, तेव्हा पंडितने हॉटेलाचा इतिहास छापायचं ठरवलं. "यावलमध्ये हॉटेलं ढीगभर आहेत," तो बायकोला, प्रमिलाबाईला म्हणाला, "पण इतिहास आहे तो फक्त आपल्याला!"

हॉटेल म्हणजे पुढे जेवणाचा हॉल आणि मागे परमिट रूम. केळीचे ट्रक घेऊन निघालेले ड्रायव्हर पुढे शेवभाजी खायचे, आणि केळीचे व्यापारी मागे बसून भाव पाडायचे. पंडितच्या वडिलांनी, उखर्डूआबांनी, १९५० साली खानावळ म्हणून ते सुरू केलं. दारूचा परवाना मिळाला १९७४ साली. मधल्या चोवीस वर्षांबद्दल पंडितला फारसं ठाऊक नव्हतं. पण इतिहास लिहायला बसलेला माणूस एवढ्यावर अडला तर कसं व्हायचं? त्याने बेधडक लिहिलं, की दारूबंदीच्या काळात आबा मोहापासून चार हात लांब राहिले, सरकारने परवाना दिला तेव्हाच पहिली बाटली उघडली, आणि कायदा पाळणं हा आमचा कुळाचार आहे.

आता प्रकाशनाच्या समारंभाला पाहिजे होता प्रमुख पाहुणा. आबा जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांचं एक वाक्य पंडितच्या कानात पक्कं होतं : 'तोतारामसाहेब आपल्याकडे सारखे यायचे.' चौकशी केली तर साहेब धुळ्यात राहत होते, सरकारी नोकरीतून कधीच निवृत्त झालेले. म्हणजे साहेब, आणि वर जुने गिऱ्हाईक! नारळ घेऊन पंडित धुळ्याला गेला. उखर्डूच्या खानावळीचं नाव निघताच म्हातारा ताडकन उभा राहिला, त्याचे डोळे भरून आले. मरायच्या आधी एकदा तिथे यायचंच आहे, असं तो म्हणाला. केवढी ही माया, असं वाटून पंडितही गहिवरला.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं. ताईबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ, रोज संध्याकाळी भजनाला हजेरी. परमिट रूमची पायरी त्यांनी सोळा वर्षांत चढली नव्हती. नाव ऐकताच त्यांचा हात थांबला.

"कोनता तोताराम?"

"अगं माय, आपल्याकडे सारखे यायचे ते."

"हो, यायचे खरे," ताईबाई म्हणाल्या आणि पुढची वात वळू लागल्या.

समारंभ झोकात झाला. म्हणजे पहिली वीस मिनिटं झोकात झाला. पुढच्या रांगेत दारूचे परवाने देणाऱ्या खात्याचे साहेब बसले होते. परमिट रूमच्या नूतनीकरणाचा अर्ज त्यांच्याच टेबलावर पडलेला, म्हणून पंडितने त्यांना दोन हार घातले होते. सारा इतिहास त्याने खणखणीत आवाजात वाचून दाखवला. मग तोतारामसाहेब माइकपाशी आले.

"मी दारूबंदी खात्यात जमादार होतो," ते म्हणाले. "या खानावळीवर मी अकरा वेळा धाड घातली."

पंडितच्या हातातलं पेढ्यांचं तबक खाली पडलं. पेढे खात्याच्या साहेबांच्या बुटापर्यंत घरंगळत गेले.

म्हातारा शांतपणे सांगत होता. इथे दारू मिळते हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. त्यांनी चुली खणल्या, रांजण उपसले, छपराची कौलं काढली, पण हाती थेंब लागला नाही. वरिष्ठांनी शेरा मारला, बढती हुकली. "माझी तक्रार नाही," ते म्हणाले. "फक्त एवढं सांगा, दारू ठेवत कुठे होता?"

पंडितला वाटलं, जमीन दुभंगावी आणि तिने आपल्याला पेढ्यांसकट पोटात घ्यावं. आबा असले काही नव्हते, हे ओरडून सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात बायकांच्या बाजूने ताईबाई उठल्या.

"पायन्यात," त्या म्हणाल्या.

"कोणत्या पाळण्यात?"

"ह्याच्याच," त्यांनी पंडितकडे बोट केलं. "मोहाची व्हती. रातच्याले भट्टी लावून मीच गायत जाये. सायकलच्या ट्यूबीत भरायची, गोधडीखाली घालायची, वर पोरगं. हा झाला, मंग दोघी पोरी झाल्या. पायना कधी रिकामा नव्हता."

तोतारामसाहेबांनी खुर्चीची पाठ धरली. ताईबाईंना त्यांची दया आली असावी, पण सुरू केलेलं अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती.

"तुमीच त झोका द्यायचे, साहेब. पोरगं उठीन म्हनून शिपायायले भांडे हळू वाजवा म्हनायचे."

एकाएकी सगळा हॉल हसत सुटला. हसत नव्हते तिघेच : पंडित, तोतारामसाहेब आणि पहिल्या रांगेतले साहेब. त्या साहेबांनी इतिहासाची पुस्तिका नीट घडी करून खिशात घातली. पंडितला त्या खिशात आपला परवाना जाताना दिसला.

म्हाताऱ्याच्याही ते लक्षात आलं. तो सावकाश मंचावरून उतरला आणि तरुण साहेबांपुढे उभा राहिला.

"केस करायची असेल तर पहिला आरोपी मला करा," तो म्हणाला. "झोका मी देत होतो."

तेव्हा कुठे साहेबांच्या मिशा हलल्या. मग तेही इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. परवान्याचं नूतनीकरण महिनाभरात आलं. तोतारामसाहेब त्या दिवशी दोनदा शेवभाजी वाढून घेऊन जेवले आणि ताईबाईंना वाकून नमस्कार करून धुळ्याच्या गाडीत बसले.

सगळे गेल्यावर पंडित उरलेल्या पुस्तिकांच्या गठ्ठ्यावर डोकं धरून बसला होता. एवढी मोठी गोष्ट आपल्याला कधी सांगितली का नाहीस, असं त्याने आईला विचारलं.

"तू मले इचारलं कधी?" ताईबाई म्हणाल्या. "तू त सारं लिहूनच आनलं व्हतं."