शकीलभाईंचा मुन्शी

शकीलभाईंना दुकानाचं नाव सुचायचं असलं, की ते आधी कंप्यूटरचा अपमान करतात.

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं पाट्यांचं दुकान आहे. पूर्वी ब्रशनं रंगवायचे, आता फ्लेक्स करतात. गिऱ्हाइकाला नाव सुचत नसेल तर तेही सुचवतात. मुलीनं त्यांना एआय वापरायला शिकवलं. त्याचं नाव त्यांनी मुन्शी ठेवलं. आपण बोलायचं, मुन्शी पडद्यावर नावं लिहून देतो. लोक त्यातलं एखादं उचलतात. शकीलभाई कधीच उचलत नाहीत.

माझ्या बायकोनं, सुनंदानं, पोळीभाजी केंद्र काढलं तेव्हा आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. मुन्शीनं लिहिलं, 'मायेची चव'.

"माया कधी चाखली का तू?" शकीलभाईंनी पडद्याला विचारलं. "दुसरं सांग."

'घरची आठवण.'

"इथले लोक घरीच राहत्यात. आठवण कशाची येणार?"

'अन्नसुगंध.'

"ही अगरबत्ती झाली. यात जान नाय."

"मग यातलं घ्यायचं कोणतं?" सुनंदानं विचारलं.

"घ्यायचं नाय वहिनी. हा चुकतो, मला राग येतो, रागात माझं सुचतं. त्याच्यासाठीच ठेवलाय." त्यांनी डोळे मिटले. मग ते म्हणाले, "आत्ताच लाटली."

"अन् सकाळची पोळी दुपारी विकली तर?" सुनंदानं विचारलं.

"विकू नका."

पाटी लागली. तेव्हापासून सुनंदाला गिऱ्हाईक समोर आल्यावरच पोळी लाटावी लागते. धंदा बरा चालतो. तिचं मनगट दुखतं.

परवा भाज्यांच्या यादीच्या फ्लेक्ससाठी मी गेलो, तर शकीलभाई पडद्याकडे पाठ करून बसले होते.

"मुन्शी बिघडला," ते म्हणाले. "नवा कायतरी बदल आलाय त्याच्यात. माझंच खरं म्हणतो. चपलेच्या दुकानाला मी मुद्दाम नाव सांगितलं, पायधूळ. हे वाचा."

मुन्शीनं लिहिलं होतं, 'अप्रतिम कल्पना. तुमची प्रतिभा वाखाणण्याजोगी आहे.'

"मी म्हणलं, जरा भांड की."

खाली उत्तर होतं, 'नक्कीच. तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं.'

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"आमचा गायकवाड होता," ते म्हणाले. "या दुकानात दोघं मिळून पाट्या रंगवायचो. मी अक्षर काढलं की तो म्हणायचा, पूस. लई भांडायचो. पण पाटी अशी उतरायची, की लोक गाडी थांबवून बघायचे. तो गेला लेकीकडं, नागपूरला. मी फोन करतो. आता तोबी भांडत नाय. म्हणतो, तब्येतीला जप."

ते पडद्याकडे वळले. मग त्यांनी आमचा फ्लेक्स पडद्यावर उघडला. "बघा. बरा हाय ना?"

हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं होती. चांगला दिसत होता.

"हिरवा नाही आवडला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणली आणि फडक्यानं पुसली.

"का नाय आवडला? बसा. बसून सांगा."

"लाल करा."

"लाल?" त्यांचा आवाज चढला. "पोळीभाजी हाय का रक्तपेढी?" आणि तसंच भांडत त्यांनी समोरच्या टपरीला दोन चहाची खूण केली.