जिन्यातल्या प्लगचं सरकार

गुरुवारी संध्याकाळी मी एक छोटासा निर्णय घेतला. आता गप्प बसायचं नाही. (माझी बायको सत्यशीला म्हणते, असे निर्णय मी जेवायच्या आधी घेऊ नयेत. भुकेल्या पोटी मी फार तत्त्वनिष्ठ होतो.)

झालं असं, की मी मोबाइलवर ‘तुमचे डिजिटल हक्क’ नावाचं व्याख्यान ऐकत होतो. वक्ते म्हणाले, ‘‘तुमच्यावर पाळत ठेवणारा इसम म्हणजे...’’ आणि तोंड उघडं ठेवून तसेच थांबले. पडद्यावर गोल चकरी फिरायला लागली ती फिरतच राहिली. इसमाचं नाव काही कळलं नाही, पण माझा संशय पक्का होता. वसंता!

वसंता म्हणजे आमच्या नवीन जालन्यातल्या गल्लीचा नेटवाला. पूर्वी तो केबल टाकायचा तेव्हा टीव्हीवर मुंग्या दिसायच्या. आता नेट टाकतो, त्यामुळे मुंग्यासुद्धा दिसत नाहीत. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, ‘‘मागून प्रॉब्लेम हाय, दादा.’’ हे ‘मागून’ कुठे आहे, तिथे कोण बसतं, ते जेवायला किती वाजता उठतात, हे वसंतालाही माहीत नाही.

मी बियाण्यांच्या कंपनीत डिस्पॅच क्लार्क आहे. खरमरीत पत्रं लिहिणं हा माझ्या हातचा मळ. गल्लीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, नाव ‘फक्त महत्त्वाचे’. (तिथे रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात.) त्यावर मी एक जळजळीत मेसेज टाकला. सुरुवात संविधानाच्या कलम एकोणीसपासून, मध्ये खाजगीपणा, पाळत, मक्तेदारी, आणि शेवटी घणाघात: ‘वसंता, तू सेवक आहेस, मालक नाहीस!’ वाचताना माझ्याच अंगावर शहारे आले. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मी सत्यशीलेची एक टिकली आधीच चिकटवून ठेवली होती. तेव्हा ती म्हणाली होती, ‘‘तुम्हाला बनियनवर बघून कुणाचं काय भलं होणार आहे?’’

शुक्रवारी सकाळी उठून पाहतो तर आमचं नेट ठार बंद.

समोर एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर ख्वाजामियाँ राहतात, त्यांच्याकडे चालू. शेजारच्या रूपालीवहिनींकडे चालू. पूर्ण गल्लीत बंद फक्त माझं! याहून ढळढळीत मुस्कटदाबी ती कोणती? खरं सांगतो, रागाबरोबर मला थोडा अभिमानही वाटला. आपला आवाज बंद करावासा कुणाला तरी वाटला, असं पहिल्यांदाच घडत होतं.

‘‘वसंताला फोन करा आणि जे काय बोललात त्याची माफी मागा,’’ सत्यशीला म्हणाली.

‘‘माफी? मी? लेखणी मोडेन पण...’’

‘‘लेखणी मोडा नाहीतर वाळत घाला. रविवारी माझा शेवटचा वर्ग आहे.’’

इथे मात्र माझा आवाज खाली आला. सत्यशीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवोदयच्या प्रवेश परीक्षेसाठी ती जाफराबाद-मंठ्याकडच्या खेड्यांतल्या पोरांना ऑनलाइन शिकवते, फुकट. बापाचा मोबाइल मिळेल त्या दिवशी पोरं जमतात. पुढच्या शनिवारी परीक्षा, आणि काळ-काम-वेगाची गणितं अजून शिल्लक.

‘‘रविवारच्या आत नेट चालू करून दाखवतो,’’ मी छातीवर हात ठेवून म्हणालो, ‘‘तेही ताठ मानेनं.’’

ताठ मानेचा पहिला मार्ग म्हणजे तक्रार. हेल्पलाइनवरच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, ‘‘आपलं इंटरनेट बंद असल्यास कृपया आपली तक्रार इंटरनेटवरून नोंदवा.’’ असा नियम करणाऱ्याचा जाहीर सत्कार करून त्याला त्याच हारासकट विहिरीत सोडलं पाहिजे! आमच्या घरात मोबाइलची रेंज मिळते ती फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. तिथे उभं राहून मी पोर्टल उघडलं. त्याने मला ट्रॅक्टर असलेली सगळी चित्रं निवडायला लावली, मी माणूस आहे याची खात्री करून घेतली आणि ‘सर्व्हर व्यस्त आहे’ म्हणून दार लावून घेतलं.

तेव्हाच टाकीमागच्या भिंतीवर मला ती पेटी दिसली. हिरवे दिवे लुकलुकत होते. पेटीतून निघालेल्या काळ्या वायरी गल्लीतल्या घराघरांत जात होत्या, आणि एक पांढरी वायर मात्र खाली आमच्याच जिन्यात उतरत होती. मग आठवलं. जुनी गोष्ट आहे, वसंता म्हणाला होता, ‘‘दादा, पेटीला फक्त एक प्लग पायजे, बदल्यात तुमचं नेट फुकट.’’ हे नेटवाले सगळीकडे असंच करतात. पेटी त्यांची, वीज एखाद्या भोळ्या घरमालकाची.

म्हणजे गल्लीचं नेट माझ्या जिन्यातल्या प्लगवर चालत होतं. मी खाली बसून त्या प्लगकडे बराच वेळ बघत राहिलो.

शनिवारी वसंताला मी ग्रुपवरच निर्वाणीचा इशारा पाठवला. फोन केला नाही. (तत्त्वाची लढाई लेखीच लढतात.) उत्तर नाही. रविवारी सकाळी सत्यशीला पिशवीत काहीतरी घालून न बोलता बाहेर पडली. भाजीला गेली असेल असं मी समजलो. वर्ग अकराचा, घड्याळात सव्वाअकरा, आणि माझी मान अजून ताठच. मी जिन्यात गेलो आणि प्लग हिसकला.

अहाहा! ते सुख काय सांगू! मी गच्चीवर जाऊन कठड्याला टेकलो. आधी रूपालीवहिनी बाहेर आल्या, मग त्यांचे मिस्टर. या माणसाला दोन पाय आहेत हे गल्लीला त्या दिवशी कळलं. जो तो मोबाइल आभाळाकडे धरून फिरत होता. मी कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहून फाटकाला कागद लावला: ‘कायदा व सुव्यवस्थेच्या कारणास्तव पुढील आदेशापर्यंत इंटरनेट सेवा बंद. अफवांवर विश्वास ठेवू नये.’ पुन्हा वर येऊन कोण कुणाशी बोलतंय, कोण कागद वाचून हसतंय, यावर मी बारीक नजर ठेवली. दोन दिवसांपूर्वी मुस्कटदाबीच्या नावाने बोटं मोडणारा मी, सरकार चालवायला लागून मला पाच मिनिटंही झाली नव्हती!

एवढ्यात ख्वाजामियाँच्या दारातून सत्यशीला बाहेर आली. एका हातात मार्कर, दुसऱ्या हातात लॅपटॉप. मागून ख्वाजामियाँ आणि त्यांची सून सलमा.

सत्यशीलेने कागद वाचला. वर पाहिलं.

‘‘तुम्ही बंद केलं?’’

‘‘तू... भाजीला गेल्तीस ना?’’

‘‘भाभी हमारे घरसे क्लास ले रही थी, भारतभाई!’’ ख्वाजामियाँ खालून ओरडले. ‘‘बच्चे लोगां सब अटक गये। अच्छा खासा पढाई चल रहा था!’’

‘‘पोरं आहेत तिकडे,’’ सत्यशीला म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. ‘‘त्यांच्या बापांनी आज मोबाइल घरी ठेवलेत. उद्या नाही ठेवणार.’’

मी धावत जाऊन प्लग लावला. पण हिसकताना त्याची पिन वाकली होती. पेटी काही उठेना. ख्वाजामियाँनी वसंताला फोन लावला, आणि सत्यशीलेने मला बोटाने टाकी दाखवली.

पुढचा तास मी टाकीवर चढून, हॉटस्पॉट चालू केलेला मोबाइल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा होतो. खाली गच्चीवर ती शिकवत होती. ‘‘दोन नळ टाकी भरतात, एक नळ रिकामी करतो.’’ माझा हात जरा खाली आला की तिचा आवाज, ‘‘वर!’’ सगळी गल्ली बघत होती. (कॅमेऱ्यावर टिकली लावणारा माणूस!) पण पोरं परत आली. गणितं पुरी झाली.

तोवर वसंता शिडी घेऊन आल्ता. नवी पिन बसवून झाल्यावर मी टाकीवरूनच तोफ डागली.

‘‘वसंता, माझ्या मेसेजचा सूड म्हणून तू नेट तोडलंस!’’

‘‘कोन्ता मेसेज, दादा?’’

‘‘ग्रुपवरचा! कलम एकोणीसवाला!’’

‘‘ग्रुप तर मी कवाच म्यूट केला. फुलंच फुलं येऊन राह्यलीत.’’

मी ख्वाजामियाँकडे पाहिलं.

‘‘देखा था,’’ ते संकोचून म्हणाले. ‘‘पन इत्ता लंबा कोन पढता, भाई?’’

वसंताने माझी वायर हाताने चाचपली आणि थांबला. ‘‘दादा, ह्या वायरीवर वल्ली सतरंजी कोनी वाळू घातली?’’

सतरंजी मी वाळत घातली होती. शुक्रवारी पहाटे, माझ्या हाताने. वायर आत काचेची असते आणि ओझ्याने तुटते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (वसंताने सांगितलं होतं म्हणे, मेसेज करून.)

दुपारी सत्यशीलेने पालकांच्या ग्रुपसाठी माझ्या नावाने माफी लिहून दिली. दोनच ओळी: ‘मुलांनो, आज तुमचा वर्ग माझ्या मूर्खपणामुळे बंद पडला. माफ करा, आणि गणितं पुन्हा एकदा सोडवा.’ मी मुकाट्याने पाठवली. पाच मिनिटांत सगळ्यांनी वाचली. अंगठे आले, हात जोडलेले आले, कुणीतरी ती गल्लीच्या ग्रुपवर टाकली, तिथेही सगळ्यांनी वाचली.

संध्याकाळी जाफराबादहून सासऱ्यांचा फोन आला. अप्पाराव मला सहसा फोन करत नाहीत, पण माफी पालकांच्या ग्रुपवरून फिरत त्यांच्यापर्यंत पोहोचली होती.

‘‘जावई, तुमचं लिवलेलं वाचलं. पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. लई बराबर लिवलं. तुम्हीच लिवलं का?’’

‘‘हो, मामा. मनापासून.’’



‘‘बरं. मंग जरा सत्यशीलेला फोन द्या. खरं काय ते तिलाच इचारतो.’’